तिथीची पाऊणपट

एक रविवार आड, माझं प्रवचन भरात आलं की
बोस्त्यांव मागच्या बाकावरून उठायचा.
टोपी हातात, गुडघा अर्धाच टेकवून,
बाजूच्या दारानं बाहेर.
मी चोडणात नवा. सेमिनरीतून ताजा,
शब्दांची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती.
वाटलं, म्हाताऱ्याला माझं बोलणं झेपत नाही.

विगार हसले. म्हणाले, घरी जा त्याच्या.

भिंतीवर येशूचं पवित्र हृदय, खाली तांबडा बल्ब,
आणि त्याच खिळ्याला
शेजारच्या गाडांनी दिलेलं पंचांगी कॅलेंडर.
"तिथीची पाऊणपट करायची, फादर.
त्रयोदशीला पावणेदहा. तेव्हा नदी पुरी भरते.
दोन तास आधी मी मानशीवर पायजे."
फळ्या उतरवायच्या, खारं पाणी बाहेर ठेवायचं,
ओहोटीला फळ्या वर. रात्री परत तेच.
एकेचाळीस वर्षं.
"मग काय होतं?" मी विचारलं.
"काय व्हायचंय? काय होऊ द्यायचं नाही,
तेच तर काम."

मी मात्र बरंच काही होऊ देत होतो.
तरुणांचा मेळावा, नवा प्रोजेक्टर, नोव्हेनाला मंडप अपुरा.
डिसेंबरात बिशप हाऊसचा तक्ता यायचा:
बाप्तिस्मे, लग्नं, उपस्थिती, वर्गणी.
मी आकडे भरायचो आणि खरं सांगतो,
पेन खाली ठेवल्यावर एकदा पुन्हा वाचून काढायचो.

मग एका जूनमध्ये बांध फुटला.
मानशीपाशी नाही, पार पलीकडे,
जिथे खनिजाच्या बार्जी वळताना लाटा मारतात.
रात्रीत खाजन भरलं.
मिठालाही न भिणारं कोरगुट, तेही
मुळापासून काळं पडलं.
पुढल्या वर्षी कुणी पेरलं नाही.
इनास बोटीवर गेला, कुंज अख्खं कुटुंब घेऊन स्विंडनला,
शेतात चिपीची रोपं उभी राहिली, बगळे आले.
मेळाव्याला खुर्च्या उरू लागल्या.
तक्त्यात मी उपस्थिती पेन्सिलीनं लिहिली.

आणि एका रात्री, जेवून व्हरांड्यात आलो तर
मानशीवर टॉर्च.

गेलो. कमरेइतक्या पाण्यात बोस्त्यांव
फळी खाचेत बसवत होता.
आत पाणी, बाहेर पाणी,
दोन्हीकडे तोच चंद्र, त्याच उंचीवर.
"आता कशाला?"
तो बोलला नाही. फळी तिरकी बसली होती.
बसल्यावर म्हणाला,
"बांध माझा नव्हता, फादर. मानस माझी."
आणि थोड्या वेळानं, जरा वैतागून,
"उद्या कुणी बांध घातला तर
दार कुजलेलं सापडायला नको.
पुढली फळी धरा त्या टोकानं."

धरली. शेवाळ, वजन, कालवांच्या धारा.
तळहात कापला, खारं झोंबलं.

त्या रात्री झोप लागली नाही.
ज्याच्या नावानं मी बोलतो
त्याचा शेवटचा तक्ता डोळ्यांपुढे आला:
बारांतला एक विकून मोकळा,
एकानं ओळख नाकारली, बाकीचे बहुतेक पांगले.
क्रुसाखाली उपस्थिती: थोड्या बायका, एक पोरगा.
वर्गणी: एक अंगरखा, तोही शिपायांनी चिठ्ठ्या टाकून नेला.
हा तक्ता मी कुठल्या बिशपला पाठवला असता?

याचं उत्तर मला सापडलं असं नाही.
आजही मोठी गर्दी दिसली की मी आवाज चढवतो.
फक्त शनिवारी प्रवचन लिहिण्याआधी
तिथी बघतो, पाऊणपट करतो
आणि त्रयोदशीच्या आसपास आटोपतं घेतो.
परवा देवळात अकरा माणसं होती.
बोस्त्यांव टोपी घेऊन उठला,
पण आशीर्वाद झाल्यावर. घाई होती त्याला,
तरी पूर्ण गुडघा टेकला.

यंदाच्या तक्त्यात शेवटचा रकाना,
'विशेष उल्लेखनीय'.
लिहिलं: फळ्या वेळेवर उतरल्या.

बिशप हाऊसमधून अजून विचारणा नाही.